कॉकपिटचे दार कोणासाठी बंद?

गेल्या महिन्यात परळचे एक समाजबांधव आमच्याकडे आले. उभी हयात महापालिकेच्या सफाई खात्यात काढून निवृत्त झालेले. हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक. त्यावर पांढरा शर्ट, काळा टाय आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या मिरवणारा तरुण आणि खाली ठळक अक्षरांत, अठरा महिन्यांत वैमानिक व्हा! त्यांचा मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला. "जयभीम साहेब. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेत. मुलगा म्हणतो पायलट व्हायचंय. भरू का पैसे?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधे नव्हते. झाडू हातात घेऊन घर चालवलेल्या बापाने मुलासाठी विमानाचे स्वप्न पाहावे, यापेक्षा अभिमानाची गोष्ट कोणती? पण त्याच बापाची आयुष्यभराची पुंजी एका रंगीत कागदावर विश्वास ठेवून बुडावी, हेही आम्हाला मान्य नाही. म्हणून त्यांना जे सांगितले तेच आज सर्व वाचकांना सांगत आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी, सगळीकडे आमची मुले-मुली आता या वाटेकडे डोळे लावून आहेत.

डिसेंबर २०२५ चे ते दिवस आठवा. देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीकडे त्या नियमांप्रमाणे पुरेल इतके वैमानिक नव्हते, हे साऱ्या देशाने पाहिले. इंडिगो आणि एअर इंडिया या दोन कंपन्यांनी २०२३ या एकाच वर्षात मिळून सुमारे हजार विमानांची मागणी नोंदवली आहे. ती विमाने चालवायला माणसे लागणारच. तरीही परवाना खिशात घेऊन वर्षानुवर्षे नोकरीची वाट पाहणारे तरुण याच मुंबईत आहेत. हे कोडे सोडवल्याशिवाय कोणीही पैसे भरू नयेत.

कोड्याचे उत्तर असे की, परवाना म्हणजे नोकरी नव्हे. माहितीपत्रक परवान्यापाशी संपते. विमान कंपनीची निवड परवान्यानंतर सुरू होते.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सीपीएल म्हणतात, त्यासाठी वय १८ पूर्ण हवे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे, अशी अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. ही अट सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली, पण त्यावर विसंबून गणित सोडणे शहाणपणाचे नाही. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या लेखी परीक्षा. त्यात दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र असे विषय आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण. रेडिओवरून बोलण्याचा परवाना वेगळा. मग किमान २०० तासांचे उड्डाण. त्यात १०० तास स्वतः विमानाचा ताबा घेऊन, काही तास रात्री, काही तास फक्त उपकरणांकडे पाहून, आणि ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास, ज्यात वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचे.

हे सगळे झाले की परवाना मिळतो. कायद्याने तुम्ही वैमानिक झालात. पण ज्या विमानावर हे २०० तास झाले ते एका इंजिनाचे, दोन-चार आसनांचे. कंपनीकडे आहे एअरबस किंवा बोईंग. म्हणून कंपनी विचारते, दोन इंजिनांच्या विमानाचे आणि उपकरणांवर उडण्याचे तुमचे मानांकन आज वैध आहे का? इंग्रजी भाषेच्या चाचणीत किमान चौथी पातळी आहे का? पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र चालू आहे का? शेवटचे उड्डाण कधी केले? आणि कित्येकदा सर्वात महत्त्वाचे, आमच्या जातीच्या विमानाचे 'टाइप रेटिंग' आहे का?

विमानाची जात! आमच्या वाचकांना हा शब्द खटकेल, पण इथे तो निरुपद्रवी आहे. एअरबस ३२० चालवायला त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते बहुतांशी सिम्युलेटरवर होते, आणि त्याचे दहा-वीस लाख रुपये अनेकदा उमेदवारालाच मोजावे लागतात. त्यानंतर लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरची परीक्षा, मुलाखत. या चाळणीतून जो उतरतो तो सहवैमानिक होतो. कॅप्टन व्हायचे तर पुढे १५०० तास आणि आणखी वरचा परवाना.

अमेरिकेत २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट आहे. तिथला तरुण नवख्यांना शिकवत, छोट्या कंपन्यांत काम करत ते तास जमवतो आणि मग मोठ्या कंपनीच्या दारात जातो. आपल्याकडे २०० तासांवर थेट मोठ्या कंपनीत जाता येते, म्हणून वाट छोटी वाटते. प्रत्यक्षात ज्या परीक्षा तिथे तासांत मोजल्या जातात, त्या इथे रुपयांत मोजल्या जातात. देशात प्रशिक्षण घ्यायचे तर आजचा हिशेब ५० लाखांच्या घरात जातो. कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत हा आकडा एक कोटीच्या आसपास जातो. आता सांगा, ही स्पर्धा गुणवत्तेची आहे की ऐपतीची?

परळ-लालबागच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. याच गिरणगावात एकेकाळी आमचे आजे-पणजे गिरणीच्या दारात उभे होते. त्यांना काम मिळाले, पण कोणत्या खात्यात? रिंग खात्यात, कमी पगारावर. जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे! १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. आमच्या माणसांना साचा चालवता येत नव्हता असे नाही. साच्याजवळ जाऊच दिले नाही, म्हणून शिकता आले नाही. आणि शिकता आले नाही म्हणून पुन्हा नालायक ठरवले गेले. आज गिरण्या नाहीत. त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत. दार अडवण्याची पद्धत मात्र तीच आहे, फक्त धाग्याच्या जागी चेकबुक आले आहे.

कोणी म्हणेल, बँका कर्ज देतात की! देतात. पण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. दहा बाय बाराच्या पागडीच्या खोलीत राहणारा माणूस काय तारण ठेवणार? बीआयटी चाळ, बीडीडी चाळ, गिरणीची चाळ, आमच्या तीन पिढ्या भाडेकरू म्हणूनच जगल्या. कर्ज ज्याच्याकडे आधीच मालमत्ता आहे त्याला मिळते आणि मालमत्ता या देशात कोणाकडे आहे, हे सांगायला नको. आता बीडीडीचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे घर! बांधवांनो, ते घर उद्या एखाद्या माहितीपत्रकाच्या भरवशावर गहाण टाकू नका, एवढी विनंती आहे.

सरकार काय करते? करते, पण कसे ते पाहा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश करण्यात आला. खासगी फ्लाइंग क्लबच्या शुल्कासाठी मर्यादा ठरली वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपये. दोन वर्षांचे झाले ७ लाख ४४ हजार. पन्नास लाखांच्या खर्चात हे जेमतेम १५ टक्के! उरलेले ८५ टक्के सफाई कामगाराने कुठून आणायचे? उत्तर प्रदेशात फुर्सतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेशात राखीव जागा आहेत. पण जागा राखीव असून शुल्क लाखांत असेल, तर ती जागा भरणारा कोण आणि सोडून देणारा कोण? आपल्या राज्यात महाज्योतीने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. ही दिशा योग्य आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. पण तीही परवान्याच्या उंबरठ्यावर संपली, तर मुलगा अर्ध्या वाटेवर उभा राहील. परवाना दिला आणि टाइप रेटिंगला पैसे नाहीत, हे म्हणजे नाव दिली आणि वल्हे काढून घेतले!

आणखी एक दार गेल्या काही वर्षांत आमच्या डोळ्यांदेखत बंद झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तिथून एअर इंडियाचा इतिहास सुरू होतो. १९५३ मध्ये ती सरकारची झाली. सार्वजनिक उपक्रम म्हणून तिच्या भरतीला आरक्षण लागू झाले आणि वैमानिकांच्या जाहिरातींतही राखीव जागांचे आकडे छापले जाऊ लागले. त्या जागा किती प्रामाणिकपणे भरल्या हा वेगळा वाद आहे, पण निदान प्रश्न विचारण्याचा हक्क होता. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटा समूहाच्या ताब्यात गेली आणि तो हक्कही गेला. विमान विकले असे सगळ्यांनी म्हटले. विमानाबरोबर आमच्या राखीव जागाही विकल्या गेल्या, हे कोणी म्हटले नाही.

खासगी कंपन्या सांगतात, आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो. हेच अमेरिकेतल्या कंपन्याही सांगत होत्या. मार्लन ग्रीन हा काळा वैमानिक अमेरिकेच्या हवाई दलात विमाने चालवून बाहेर पडला. १९५७ मध्ये त्याने कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडे अर्ज केला तेव्हा वंशाचा रकाना कोरा ठेवला. कंपनीने उड्डाण चाचणीला बोलावले. तो चाचणीत उतरला. पण त्याचा रंग दिसला आणि त्याच्यापेक्षा कमी तासांच्या गोऱ्या उमेदवारांना नोकरी मिळाली. ग्रीन गप्प बसला नाही. सहा वर्षे लढला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने एकमताने निकाल दिला आणि १९६५ मध्ये तो त्याच कंपनीत रुजू झाला. या लढ्यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, पात्रता इतकी पक्की हवी की नाकारणाऱ्याला कारण सापडू नये. दुसरी, पात्रता असूनही नाकारले तर कायद्याचे हत्यार उचलायचे. ग्रीनकडे तास कमी असते तर त्याचा खटला उभाच राहिला नसता.

बाबासाहेबांची दूरदृष्टी इथेच कळते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांमध्ये शिक्षणाचा प्रश्न घेतला, तेव्हा केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांवर समाज उभा राहणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि त्यासाठी देशात व परदेशात शिकण्याच्या शिष्यवृत्त्या सरकारने द्याव्यात, अशी मागणी केली. ऐंशी वर्षे उलटून गेली. आम्ही वकील केले, प्राध्यापक केले, अधिकारी केले. तंत्राच्या महागड्या क्षेत्रांत मात्र आम्ही अजून दाराबाहेर आहोत.

आणि विज्ञान म्हणजे विज्ञानच. गिरगाव चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी वैदिक ज्ञानावर विमान उडवल्याची कथा आजही सांगितली जाते, तिला ठोस पुरावा नाही. २०१५ मध्ये तर मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला! ज्यांना पुष्पक विमानात बसायचे आहे त्यांनी खुशाल बसावे. डीजीसीएच्या परीक्षेत त्यावर एकही प्रश्न येत नाही. तिथे वाऱ्याची दिशा, हवेचा दाब आणि इंधनाचा हिशेब विचारतात. आमच्या मुलांनी गणिताची भीती सोडली पाहिजे. दहावीनंतर गणित नको म्हणून वाट बदलणारा मुलगा एका नोकरीला नाही, एका अख्ख्या क्षेत्राला मुकतो.

मग करायचे काय? परळच्या त्या बांधवांना आम्ही क्रमाने सांगितले.

पैसे भरण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. चष्मा आहे म्हणून घाबरू नका, चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालते. पण रंगांधळेपणा किंवा मोठा आजार निघाला तर ते लाखो रुपये भरण्याआधी कळलेले बरे. त्यानंतर घरी अभ्यास करून लेखी परीक्षा द्या. तिथे खर्च थोडा आहे आणि मुलाची जिद्द तिथेच कळते. संस्था निवडताना डीजीसीएने २०२५ मध्ये सुरू केलेली उड्डाण संस्थांची क्रमवारी पाहा. पहिल्या क्रमवारीत देशातली एकही संस्था सर्वात वरच्या दोन श्रेणींत बसली नाही! किती विमाने आहेत, त्यातली किती उडती आहेत, मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले, हे लेखी विचारा. सगळे पैसे एकरकमी भरू नका, टप्प्याटप्प्याने भरा. परदेशात स्वस्त होते म्हणून पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, तिथला परवाना इथे तसाच चालत नाही, इथल्या परीक्षा देऊन तो बदलून घ्यावा लागतो. आणि टाइप रेटिंगचा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. तो धरून गणित जमत नसेल तर थांबा.

दुसरी वाटही उघडी ठेवा. मुलाने पदवी जरूर घ्यावी. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्याला भारतीय विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेला बसता येते. प्राधिकरण आजही सरकारी आहे आणि तिथे आरक्षण आहे. वैमानिकाला 'उतर' म्हणून सांगणारा माणूसही कमी मोठा नसतो. मुलींनाही मागे ठेवू नका. भारतात वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यात आमच्या चाळीतली सावित्रीची लेक का नसावी?

हे झाले घराचे काम. समाजाचे काम त्याहून मोठे आहे. विमानतळावर, विमान कंपन्यांत, प्राधिकरणात नोकरी केलेले आपले अनेक बांधव आज निवृत्त आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार जवळच्या बुद्धविहारात बसावे आणि मुलांना खरी माहिती द्यावी. डीजीसीएच्या परीक्षांच्या पुस्तकांचे दोन संच प्रत्येक विहाराच्या वाचनालयात ठेवले तर जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा कमी खर्च येईल. हे कटू आहे, पण खरे आहे.

आणि सरकारकडे मागणी एकच. वैमानिक प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती परवान्यापाशी थांबता कामा नये. दोन इंजिनांचे मानांकन आणि टाइप रेटिंग धरून, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे ती मिळाली पाहिजे. बार्टी, महाज्योती, आदिवासी विभाग, सर्वांसाठी हा एकच नियम असावा. तारणाची अट असलेल्या कर्जाला राज्य सरकारने हमी द्यावी. आणि ज्या कंपन्या सार्वजनिक विमानतळ वापरतात त्यांच्या कॅडेट योजनांत आमच्या मुलांचा वाटा ठरवावा. ही भीक नाही. धावपट्टी ज्या सिमेंटने बनली त्यात आमचाही घाम आहे.

६ डिसेंबर १९५६ च्या त्या काळरात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने सांताक्रूझला आले आणि तिथून दादरच्या राजगृहावर नेले गेले. त्या रात्री विमानतळापासून दादरपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या आमच्या माणसांपैकी बहुतेकांनी विमान कधी आतून पाहिलेही नसेल. त्यांच्या नातवंडांनी, पणतवंडांनी आता ते चालवायला शिकायचे आहे. पूर्ण तयारीनिशी, डोळे उघडे ठेवून.

परळच्या त्या बांधवांनी सगळे ऐकून घेतले. माहितीपत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "साहेब, ती डोळ्यांची तपासणी कुठे होते, तेवढं लिहून द्या." आम्ही पत्ता लिहून दिला. पैसे अजून बँकेत आहेत. मुलगा हवामानशास्त्राच्या पुस्तकाला बसला आहे.